मोटर पाणी ओढत नाही

विहिरीवरची मोटर पाणी उचलेनाशी झाली की पहिला संशय मोटरवर, दुसरा विजेच्या दाबावर आणि तिसरा ती बसवून गेलेल्या माणसाच्या कुळावर जातो. ज्या पाइपातून पाणी वर यायचं, तो मात्र या चौकशीतून सहीसलामत सुटतो. मुकाट पडलेल्या करड्या प्लॅस्टिकवर कोण आळ घेणार? माझ्या मते बहुतेक वेळा खरा आरोपी तोच असतो. दुकानात मोटर किती हॉर्सपॉवरची हे चारचौघांत मोठ्याने विचारलं जातं. सक्शनचा पाइप किती इंची हा प्रश्न उरलेल्या पैशांत सोडवला जातो.

मुळात मोटर पाणी ओढतच नाही. पंपातला पंखा फिरून आपल्या तोंडाशी दाब कमी करतो, एवढंच त्याचं काम. पाणी वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावर टेकलेली हवा, आणि तीही फुकट. १६४३ साली टॉरिचेल्लीने पाऱ्याची नळी उलटी करून या हवेचं वजन दाखवलं. पाऱ्याचा ७६ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ म्हणजे पाण्याचा साधारण १०.३ मीटरचा. याच्या वर हवा पाणी चढवत नाही, मग मोटर कितीही नामांकित असो. या बाबतीत आमच्या वसईतल्या निर्मळ गावचे लोक भाग्यवान. गाव समुद्रसपाटीच्या जवळ, त्यामुळे हवेचा दाब पुरेपूर मिळतो. महाबळेश्वरच्या माणसाला हाच हिशेब दीडेक मीटर कमी करून मांडावा लागतो. प्रत्यक्षात मात्र पाइपातलं घर्षण, पाइपाच्या तळाशी बसवलेल्या फुटवॉलची अडवणूक आणि पाण्याची वाफ होण्याची खोड यांत बरंच खर्ची पडतं आणि हाती सहा-सात मीटर उरतात. ते टिकवायचे की उधळायचे, हे सर्वस्वी पाइप जोडणाऱ्याच्या हातात.

आणि उधळपट्टी तर विहिरीच्या कठड्यापासूनच सुरू होते. पाइप विहिरीतून सरळ वर येतो, कठडा ओलांडतो, मग दोन एल्बो घेऊन खाली जमिनीवरच्या मोटरकडे उतरतो. त्या कठड्यावरच्या कमानीत हवा जाऊन बसते आणि जत्रेत मोक्याची जागा धरलेल्या पाहुण्यासारखी उठायचं नाव घेत नाही. खरं तर पाइप पाण्यापासून मोटरपर्यंत सतत चढता हवा. म्हणजे एक तर मोटर उंच चौथऱ्यावर बसवा, नाही तर कठड्याला भोक पाडा. पण आजोबांनी बांधलेल्या कठड्याला छिन्नी लावायला घरात कोणी तयार नसतं. पाइपाच्या जाडीचंही तसंच. तेवढंच पाणी दीड इंचीऐवजी एक इंची पाइपातून न्यायचं म्हटलं, तर घर्षण सुमारे साडेसात पट होतं. वाचलेले पैसे पुढे विजेच्या बिलात फेडत बसायचं. आणखी एक गोम आहे. डिलिव्हरीचा सांधा गळला तर पाणी ठिबकतं, सगळ्यांना दिसतं. सक्शनचा सांधा गळला तर एक थेंबही बाहेर येत नाही, उलट हवा आत शिरते. कोरड्या ठणठणीत सांध्याकडे बोट दाखवून ‘इथे गळतंय’ म्हणणाऱ्या प्लंबरवर विश्वास ठेवायला मोठं मन लागतं. त्यापेक्षा रात्री पाइप तोंडापर्यंत पाण्याने भरून ठेवावा. सकाळी पातळी उतरलेली असली, तर एक तर सांधा चोर आहे किंवा फुटवॉलच्या झडपेत केळीचा सोपट अडकलाय.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘आमचा पाइप वर्षानुवर्षं कठड्यावरूनच जातोय, काही बिघडलं नाही.’ बरोबर आहे. श्रावणात पाणी हाताला लागेल इतकं वर असतं, तेव्हा कसलीही जोडणी चालते. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते, आणि तेव्हा नापास ठरवली जाते ती मोटर. मग तिच्या जागी दुप्पट ताकदीची येते. ती अधिक पाणी मागते, अधिक पाण्याने त्याच पाइपात घर्षण वाढतं, आणि जुनी निदान कुरकुरत थोडं तरी देत होती, तेवढंही नवी देत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: मग हे लचांड हवंच कशाला, बोअर मारून सबमर्सिबल सोडा. तो पंप पाण्यातच बसतो, हवेचे उपकार घेत नाही, दहा मीटरची अट मानत नाही. कोरड्या पठारावर हे मला कबूल. पण निर्मळच्या पश्चिमेला समुद्र आहे, आणि तो फक्त किनाऱ्यापर्यंतच आहे अशी समजूत करून घेऊ नये. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून त्याच्यावर तरंगतं. बदोन गायबेन आणि हर्त्सबर्ग या दोन अभ्यासकांनी एकमेकांना न विचारता मांडलेला हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक मीटर असेल तर खाली ते सुमारे चाळीस मीटर असतं. म्हणजे वरचं एक मीटर उपसलं की कालांतराने खारं पाणी चाळीस मीटर वर सरकू पाहतं. पुस्तकातली वाळू एकसारखी असते, वसईची जमीन तशी नाही, हे मान्य. पण खारटपणाची दिशा तीच. टँकरच्या उपशाविरुद्ध इथली माणसं हरित वसईच्या आंदोलनात रस्त्यावर उतरली, ती काही हौस म्हणून नाही. बैलांच्या रहाटाला दमण्याची सोय होती, विहिरीला तेवढ्यात झरे भरून घ्यायला सवड मिळायची. वरची मोटर बैलासारखी दमत नाही, पण पाणी सात मीटर खाली गेलं की हात टेकते. वाडीतल्या केळी आणि पानवेली हिच्या या नाकर्तेपणावर जगतात. सबमर्सिबलला एवढी समज नाही.

राहता राहिले ते लोक, ज्यांना मोटरही वरचीच हवी आणि मेमधलं तळाचं पाणीही. ते विहिरीच्या आत खालच्या टप्प्यावर मोटर उतरवतात. सक्शनचं अंतर कमी होतं, युक्ती शास्त्रशुद्ध आहे, तिला माझा काडीचा विरोध नाही. फक्त मृगाचा पाऊस लागण्याआधी तिला वर काढायची आठवण कोणी ठेवायची हे घरात ठरलेलं नसतं, आणि एका रात्रीत वरची मोटर सबमर्सिबल होते.