गाडीचा पोळा

जुन्या जिप्सीला रंग द्यायचा बेत ठरला की घरात पहिली चर्चा कोणता रंग यावर होते, दुसरी पैशांवर. गंजाचा विषय निघतच नाही, कारण तो मॅटखाली असतो आणि मॅट उचलायची कुणाची हिंमत होत नाही. माझं म्हणणं असं की गोंदिया जिल्ह्यात चिखल, नाले आणि बांबूशी रोजचा संबंध येणाऱ्या गाडीला, खिसा बेताचा असेल तर, हार्डवेअरच्या दुकानातला ऑइल पेंट ब्रशने मारावा आणि वाचलेला पैसा गंज खरवडण्यात घालावा. हे ऐकून ज्यांना घेरी येईल त्यांनी मंगेझरी किंवा चोरखमाऱ्याकडच्या जंगलवाटेने फिरून आलेल्या गाडीची दारं निरखून बघावीत. बांबूची फांदी रंगाची कंपनी विचारत नाही. डुको असो, हार्डनर घातलेला महागडा रंग असो, ती आपली सही करूनच सोडते. फरक एवढाच की महागड्या रंगावरची सही झोप उडवते आणि ऑइल पेंटवरची सही उरलेल्या डब्यातून संध्याकाळपर्यंत पुसली जाते.

शिवाय इथलं वेळापत्रकच रंगाच्या मुळावर उठलेलं आहे. नवेगाव-नागझिरा हा राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प, 2013 साली जाहीर झालेला. पावसाळ्यात तिथलं पर्यटन बंद, म्हणजे जंगलात फिरणाऱ्या गाड्यांना फुरसत नेमकी तेव्हा, जेव्हा हवेत इतकं पाणी असतं की दोरीवरचा टॉवेलसुद्धा वाळत नाही. डुकोतला थिनर झपाट्याने उडतो, उडताना पत्रा गार करतो, त्या गार पत्र्यावर हवेतली ओल बसते आणि रंग पांढुरका पडतो. दिवाळीच्या आसपास हवा कोरडी होते खरी, पण तोवर गाडी कामाला लागलेली असते आणि शिवारात धानाची मळणी सुरू झालेली असते. इथे कुणी म्हणेल, मग तुमच्या ऑइल पेंटचं काय? तो रात्रभर ओला राहणार, त्यावर कोंडा, कुसळं आणि दोन-चार किडे बसणारच. बसणार. बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी पाण्याचा पेपर मारून दुसरा हात द्यावा, आणि त्यातूनही जे कुसळ उरेल ते जिल्ह्याचं मुख्य पीक म्हणून मिरवावं.

‘ब्रशच्या रेघा दिसतात’ हा सगळ्यात मोठा आक्षेप, आणि तो बहुधा जिच्यात कुणी कधी चिखल नेला नाही अशा गाडीचा मालक घेतो. रंग थोडा पातळ करून, सावलीत, एका दिशेने ब्रश ओढला तर रेघा बऱ्याच बसतात, आणि ज्या बसत नाहीत त्या दहा फुटांवरून दिसत नाहीत. तरी मूळ गैरसमज वेगळाच आहे. गाडीचा रंग एकदाच करायचा आणि जन्मभर जपायचा, असं आपण धरून चालतो. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवणारा शेतकरी दुकानदाराकडे वॉरंटी मागत नाही. पुढच्या वर्षी पोळा येणार आणि शिंगं पुन्हा रंगणार, हे त्याला ठाऊक असतं. जिप्सीही त्याच हिशोबाने पाळावी. 1985 साली बाजारात आलेली ही गाडी आता नवी बनून सामान्य गिऱ्हाइकाला मिळत नाही, म्हणजे पत्रा सांभाळणं आलंच. पण पत्रा कुजतो आतून, जोडावर, मडगार्डच्या कडेला, पाणी निघायची भोकं चिखलाने बुजली की तिथे. तारेच्या ब्रशने धातू उघडा पडेपर्यंत घासावं, रेड ऑक्साइड मारावं आणि मगच डबा उघडावा. गंजावरच लांबी भरून वर चकाकी आणणारे कारागीर आहेत. त्यांचं काम पहिल्या पावसापर्यंत फार देखणं दिसतं.

विकताना भाव पडेल, हा आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो. ऑइल पेंटवर पुढे डुको मारला तर त्यातला थिनर खालच्या थराला सुरकुत्या पाडतो, म्हणून घेणाऱ्याला सगळं खरवडावं लागतं आणि तो तेवढे पैसे कापतो. पण कमी पैशात रंगवायला निघालेला माणूस आणि उद्या गाडी विकणारा माणूस सहसा एक नसतो. फवाऱ्याची हौस असलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की हार्डनरवाल्या रंगाचा फवारा फुप्फुसाला घातक असतो आणि नाकाला बांधलेला रुमाल त्यापुढे निव्वळ शोभेचा.

राहिला तो ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे लष्करी हिरवा. प्रत्येक जीपवाल्याच्या मनात तो असतोच. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 121 सांगतो की हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांचा. दुसरा कुठलाही रंग निवडलात तरी आरसी बुकावर रंगाची नोंद असते, तेव्हा बदल केला की आरटीओची वारी आली. म्हणून मूळचा रंगच बरा, आणि तो पांढरा असेल तर उत्तमच. पांढरा ऑइल पेंट दोन वर्षांत पिवळा पडतो, हे खरं. पण त्या वेळेपर्यंत सडक-अर्जुनीच्या धुळीने गाडीला जो रंग दिलेला असतो, त्याच्याशी तो बऱ्यापैकी जुळतो.