सव्य, अपसव्य आणि खट्

गाडीचा बेल्ट कुठे लावायचा, असं आमच्या घराण्यात कुणालाही विचारा. 'छातीवर' असं उत्तर यायचं नाही. 'टोलनाक्याच्या अलीकडे' असं येईल. कुठल्या चौकात ट्रॅफिकचे मामा उभे असतात, कुठल्या कमानीवर कॅमेरा बसवलाय आणि कुठून पुढे बेल्ट सोडून 'जरा ऐसपैस' बसायचं, हे आमच्या लहान पोरांनाही पाठ आहे. मामा अचानक दिसलेच तर बेल्ट ओढून छातीवर नुसता धरून ठेवायचा आणि चौक ओलांडला की सोडून द्यायचा. या कसरतीला जेवढे कष्ट पडतात त्याच्या निम्म्यात तो खट् करून बसला असता. पण मग मामांवर मात केल्याचा आनंद कुठून मिळणार?

त्यातून नव्या गाड्यांना वाचा फुटली. बेल्ट लावला नाही की त्या टुंग टुंग करत राहतात. त्यावर माझ्या मेहुण्यांनी काढलेला उपाय म्हणजे बेल्ट पाठीमागून नेऊन बकलात अडकवायचा आणि आपण त्याला टेकून बसायचं. त्यांच्याहून आळशी माणसांसाठी बाजारात नुसती धातूची जीभ आली. बेल्टबिल्ट काही नाही, फक्त टोक. ते बकलात खुपसलं की गाडी गप्प. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना ही विक्री बंद करायला लावली, तेव्हा 13,118 नोंदी काढल्या गेल्या म्हणे. हजार रुपयांचा दंड वाचवायला आणि फुकटचा जीव धोक्यात घालायला पदरचे पैसे मोजणारं गिऱ्हाईक आपल्याकडे मुबलक आहे.

हा इरसालपणा खास आपलाच, अशी माझी समजूत होती. पण पळसाला पानं तीनच. अमेरिकेत 1974 सालच्या गाड्यांना अशी सोय केली होती की पुढच्यांनी बेल्ट लावल्याशिवाय इंजिन सुरूच व्हायचं नाही. शेजारच्या सीटवर किराण्याची पिशवी ठेवली तरी गाडी तिला माणूस समजून अडून बसायची. लोक इतके खवळले की त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा करून ती सोय मोडीत काढली. इटलीत 1989 मध्ये सक्ती झाली, तर नेपल्समध्ये तिरका काळा पट्टा छापलेले टीशर्ट निघाले. पोलिसाला लांबून वाटावं, काय शिस्तीचा माणूस! ही बातमी मी मेहुण्यांना अजून सांगितलेली नाही.

आमच्या काकांची अडचण वेगळी होती. काका धर्मशास्त्राचे घरगुती जाणकार. गाडी चालवायला बसले आणि बेल्ट हातात धरून थबकले.

"हा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला जातोय."

"हो, मग?"

"मग काय? अपसव्य! जानवं असं श्राद्धाला घेतात. पितरांचं काम आहे हे."

"काका, लावला नाहीत तर पितरांतच जाऊन बसाल."

तेव्हापासून काका गाडी चालवत नाहीत. डावीकडच्या सीटवर बसतात, कारण तिथे बेल्ट डाव्या खांद्यावरून येतो, म्हणजे सव्य. पुढे मुलाकडे अमेरिकेला गेले, तर तिथे सगळंच उलट. चालवणारा डावीकडे बसतो, म्हणून तो सव्य. काकांना त्या देशाविषयी एकदम आदर वाटू लागला. शेजारच्या सीटवर आपल्या वाट्याला अपसव्य येतं, हे काकूंच्या लक्षात आलं तेव्हा त्या शांतपणे मागे जाऊन बसल्या. आणि मागेही दोन बाजूंना दोन तऱ्हा असतात, हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

बरं, सव्य मिळूनही काका बेल्ट काखेखालून घेतात. मानेला घासतो म्हणे. आता हा बेल्ट ज्याने शोधला त्या नील्स बोलिन नावाच्या स्वीडिश इंजिनिअरने 1959 मध्ये सगळा हिशेब हाडांवर मांडला होता. हा गृहस्थ आधी साब कंपनीत लढाऊ विमानातून वैमानिकाला सीटसकट बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेवर काम करायचा. माणसं बाहेर फेकण्यात हात बसल्यावर व्होल्वोने त्याला माणसं आत धरून ठेवायला नेमलं. त्याने गळ्याजवळचं हाड, छातीचं हाड आणि कमरेचं हाड धरून एका हाताने लागेल असा तीन टोकांचा पट्टा बेतला, आणि व्होल्वोने त्याचं पेटंट सगळ्या कारखान्यांना खुलं करून टाकलं. जगाने फुकट दिलेली आणि आपण तरीही न घेतलेली अशी ही बहुधा एकमेव वस्तू असावी.

काखेखालून गेलेला बेल्ट धक्का बसला की बरगड्यांवर येतो, आणि बरगड्यांच्या आत यकृत-प्लीहा अशी नाजूक मंडळी राहतात. मानेला घासत असेल तर पुष्कळ गाड्यांत दाराजवळच्या खांबावर बेल्ट वर-खाली करायचं बटण असतं. गाडी विकून टाकेपर्यंत ते मालकाला सापडत नाही, ही गोष्ट निराळी. मेहुण्यांची आणखी एक लकब म्हणजे सीट पार आडवी करून पाय डॅशबोर्डवर ठेवायचे. आडव्या माणसाचा बेल्ट अंगाला लागतच नाही, आणि गाडी आपटली की माणूस त्याच्या खालून सरकत पुढे जातो. एअरबॅग आहे की, असं ते म्हणतात. एअरबॅग ही बेल्ट लावलेल्या माणसासाठी बेतलेली असते. पाय वर टाकलेल्या माणसाचे गुडघे ती थेट त्याच्याच तोंडावर आणून आपटते.

पण खरी मजा मागच्या सीटवर. गाडी नवी असतानाच आम्ही ती सीटकव्हरवाल्याकडे नेतो, आणि तो पहिल्या सपाट्यात मागची सगळी बकलं कव्हराखाली गाडून टाकतो. ती हवी असतील तर उत्खननच करावं लागतं. हात घातला की आधी खारे दाणे, मग हेअरपिन, मग सत्यनारायणाच्या प्रसादाचा वाळलेला केळ्याचा तुकडा, आणि शेवटी बकल. ज्याचं त्याला ते मिळत नाहीच, शेजारच्याचं मिळतं. वर्षानुवर्षं न वापरलेला बेल्ट बाहेर ओढला की कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर धुळीचा तिरका पट्टा उमटतो. नेपल्सचा टीशर्ट, तोही घरबसल्या.

मागे कशाला बेल्ट, हा आमच्याकडचा सनातन प्रश्न. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेव्हा आठवडाभर घरोघरी हीच चर्चा होती. ते मागे बसले होते, बेल्ट लावलेला नव्हता. गाडी महागडी होती, भक्कम होती. नियम तर त्याच्या कितीतरी आधीपासून होता. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी चालत्या गाडीत मागे बसून बेल्ट न लावता चित्रफीत काढली, तर जानेवारी 2023 मध्ये त्यांच्याच पोलिसांनी त्यांना दंड केला. आपल्याकडे एवढ्यासाठी ग्रामपंचायत सदस्यालासुद्धा कुणी हटकून दाखवावं!

आमच्या आत्याला मी आकडे सांगून पाहिले. म्हटलं, साठच्या वेगात गाडी आपटली तर बेल्ट न लावलेला माणूस समोर आदळतो तो चौदा मीटरवरून पडल्यासारखा. म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून. आत्या म्हणाली, "मी तळमजल्यावर राहते." मग घरातल्या बाळाचा विषय निघाला. ते नेहमी तिच्या मांडीवर, कारण 'मी घट्ट धरते.' दहा किलोचं पोर गाडी आपटली त्या क्षणी शंभर किलोच्या वर जोर घेऊन हातातून सुटतं. शंभर किलो आत्याच काय, मेहुणेही धरू शकत नाहीत. बाळासाठी वेगळी सीट आणली, ती सध्या घरी त्याला भात भरवायला वापरतात.

तरीही एकदा आत्या तयार झाली. बेल्ट हिसका देऊन ओढला, तो अडला. "बघ, गाडीच नको म्हणतेय." हिसका बसला की आतलं रीळ अडायलाच हवं, अपघातात तेच तर वाचवतं. सावकाश ओढलं की निमूट येतं. आलं. पीळ काढला. पैठणी चुरगळेल हा आक्षेप नोंदवून घेतला. आता खालचा पट्टा पोटावर बसला होता.

"आत्या, पोटावर नको. खाली घे, कमरेच्या हाडावर."

"या वयात हाड शोधू कुठे? देवाने झाकून ठेवलंय."

शेजारी बसलेल्या तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते. तिने न सांगता बेल्ट पोटाच्या खालून आणि वरचा छातीच्या मधून, पोटाच्या कडेने घेतला होता. तिच्याकडे बघून आत्याने आपलाही खाली सरकवला. खट् झालं. मी इंजिन सुरू केलं, आणि गाडी तरीही टुंग टुंग करतच राहिली.

शोधाशोध झाली. या खेपेला काका मागे बसले होते, आणि पुढच्या डाव्या सीटवर रत्नागिरीहून आलेली हापूसची पेटी होती. गाडीने तिला माणूस ठरवलं होतं. मग काका उतरले, मेहुणे उतरले, शेजारचे जोशीही आले. पट्टा पेटीच्या वरून न्यावा की मधून, खाली सैल राहतो का, वळणावर कलेल का, यावर कसून चर्चा झाली. पेटीला बेल्ट कसा अगदी शास्त्रोक्त बसला. मेहुण्यांनी दोनदा ओढून खात्री केली आणि मागे जाऊन स्वतःचा बेल्ट पाठीमागून अडकवला.

"हळू घे रे," आत्या मागून म्हणाली, "वरच्या थरातले पिकायला आलेत."