झबल्यातले बोंबील

वरसे कुठे संपते आणि रोहा कुठे सुरू होतो, हे फक्त कागदावर कळते. अलीकडे ग्रामपंचायत, पलीकडे रोहा अष्टमी नगरपरिषद. प्लास्टिकच्या झबला पिशवीला ही हद्द मान्य नाही. ती सकाळी तिकडच्या बाजारातून कोथिंबीर घेऊन इकडे येते आणि संध्याकाळी वाऱ्यावर स्वार होऊन परत जाते.

तिच्यावर बंदी आहे म्हणतात. राज्याने २३ मार्च २०१८ला अधिसूचना काढली, २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि वर तीन महिने कैद. म्हणजे दीडशेचे बोंबील पिशवीसकट ५,१५० रुपयांना! इतकी महाग मासळी तर गटारीच्या आदल्या दिवशीही मिळत नाही. पहिले काही आठवडे सगळा बाजार सोवळ्यात होता. नंतर झबले काउंटरवरून काउंटरखाली गेले, एवढाच काय तो फरक.

सरकारचा दुसरा उपाय जाडीचा. २६ जुलै २००५च्या पुरात मुंबईची गटारे तुंबली आणि राज्यात ५० मायक्रॉनखालच्या पिशव्या बंद झाल्या. पुढे केंद्राने सप्टेंबर २०२१ अखेर ७५ मायक्रॉनची अट घातली, डिसेंबर २०२२ अखेर १२०ची. पिशवी कमी व्हायचे नाव नाही, उलट बाळसे धरते आहे. शिवाय मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो मोजायचे यंत्र मेथीच्या जुड्यांशेजारी मांडलेले अजून कुणी पाहिलेले नाही.

मग आली ती कापडासारखी दिसणारी पिशवी. पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच, पण सोज्वळ. दुकानदार ‘कापडी आहे’ म्हणून दहा रुपये जास्त घेतो आणि आपण पर्यावरण वाचवल्याच्या आनंदात ते देतो.

खऱ्या कापडी पिशव्यांचा तुटवडा आहे म्हणावे, तर तसेही नाही. दाराआडच्या खुंटीवर त्यांचा ढीग असतो. हळदीकुंकवाच्या वाणाच्या, लग्नात नारळासोबत मिळालेल्या, निवडणुकीत साहेबांचा हसरा फोटो छापून घरपोच आलेल्या. बाजारात जाताना मात्र एकही हाताशी येत नाही. पूर्वी पुरुषमाणूस पायजम्याच्या नाडीइतकी आठवण पिशवीची ठेवत असे. आता मोबाइल विसरला तर अर्ध्या वाटेतून परत फिरतो. पिशवी विसरली तर पुढे जातो, कारण ‘मिळेल की तिथे’.

परवा एका गृहस्थांनी चक्क पिशवी नेली. साहेबांच्या फोटोची. मासळीवाल्या मावशीपुढे ती उघडली आणि हात अडखळला. साहेबांच्या तोंडावर ओले बोंबील घालायचे कसे? उद्या कुणी पाहिले तर?

“मावशी, एक झबला द्या ना.”

“झबला नाय. दंड कोन भरंल, तुमचा साहेब?”

“अहो, पण हा फोटो…”

“मग उलटी करा पिशवी!”

गृहस्थांनी पिशवी उलटी केली. साहेब आत गेले, मागोमाग बोंबील. वर मावशीने दोन बोंबील जास्तीचे टाकले, साहेबांच्या वाट्याचे म्हणून.