हिरव्या दिव्याच्या उपासकांस खुले पत्र

प्रति,
सन्माननीय स्थलांतर समिती यांस,


जावा भाषेतील चाचण्यांचा सारा संसार जेयुनिटच्या चौथ्या आवृत्तीतून पाचव्या आवृत्तीत एका दुपारभरात हलविणाऱ्या समितीचे कौतुक करावे तितके थोडेच आहे. जेयुनिट ही चाचणी-चौकट, म्हणजे प्रोग्रामचा प्रत्येक लहान भाग अपेक्षेप्रमाणे वागतो की नाही हे आपोआप तपासणारी व्यवस्था, केंट बेक आणि एरिख गामा यांनी १९९७ मध्ये झुरिच ते अटलांटा या विमानप्रवासात लिहावयास घेतली. तिची चौथी आवृत्ती २००६ मध्ये आली आणि पाचवी २०१७ मध्ये. हे अकरा वर्षांचे अंतर समितीने 'शोधा आणि बदला' या एकाच आज्ञेने कापले, तेव्हा विमानानेही मान खाली घालावी.

पाचव्या आवृत्तीने चाचण्या चालविणारे व्यासपीठ आणि त्या लिहिण्याची नवी पद्धत, म्हणजे ज्युपिटर, यांची फारकत केली व जुन्या चाचण्यांसाठी व्हिंटेज नावाचे स्वतंत्र इंजिन ठेवले. समितीने ते अडगळ समजून काढून टाकल्यामुळे, ज्या फायलींत जुनी इम्पोर्टची ओळ राहून गेली त्यांतील चाचण्या नापास झाल्या नाहीत, कारण त्यांना परीक्षेचे बोलावणेच गेले नाही. प्रत्येक चाचणीपूर्वी मांडामांड करणारी 'बिफोर' ही खूणही ज्युपिटर ओळखत नाही, त्याला 'बिफोरईच' लागते. जुनी खूण तशीच राहिली तर तक्रार होत नाही, फक्त मांडामांड होत नाही. तुलनेच्या विधानातील, चाचणी नापास झाल्यास दाखवायचा संदेश पूर्वी आरंभी येई, तो आता शेवटी येतो. क्रम जुनाच राहिला आणि संदेश, अपेक्षित उत्तर व प्रत्यक्ष उत्तर ही तिन्ही मूल्ये अक्षरमाला असली की कंपायलर हरकत घेत नाही आणि चाचणी संदेशाचीच अपेक्षित उत्तराशी तुलना करते. अशा लाल, म्हणजे नापास, झालेल्या चाचण्यांवर समितीने 'डिसेबल्ड' ही खूण लावून त्यांना सन्मानपूर्वक विश्रांती दिली.

स्थलांतरापूर्वी व नंतर प्रत्यक्ष चाललेल्या चाचण्यांची संख्या शेजारी शेजारी मांडणे, किंवा मुद्दाम एक दोष घालून दिवा लाल होतो का ते पाहणे, असले किरकोळ हिशेब समितीच्या उंचीला शोभत नाहीत. जेथून गाडीच जात नाही, तेथील सिग्नल हिरवा राहण्यास अडचण ती कोणती?



बोलावणे न आलेली एक चाचणी