चार शब्द

न्यूझीलंडच्या ऑफिसात साहेब ओळखू येत नाही. ऑकलंडला नव्यानं आलेल्या मराठी माणसाची पहिली पंचाईत हीच. सगळ्यांना पहिल्या नावानं हाक, आणि सकाळच्या चहानंतर बाह्या सारून सगळ्यांचे कप डिशवॉशरमध्ये लावणारा गृहस्थ विभागप्रमुख निघतो. आपण सवयीनं त्याच्या हातातला कप काढून घ्यायला धावतो. तो बिचारा दचकतो.

ऑल ब्लॅक्सचे, म्हणजे न्यूझीलंडच्या रग्बी संघाचे, मोठमोठे खेळाडू सामन्यानंतर ड्रेसिंग रूम स्वतः झाडतात, ही गोष्टही याच जातीची. व्यवस्थापनाच्या शिबिरांतून सांगून सांगून ती आता पार गुळगुळीत झाली आहे. शिवाय झाडू मारायला फारसं धैर्य लागत नाही, आणि फोटोही बरा येतो. मला त्यांची दुसरी गोष्ट आवडते.

2004 मध्ये ग्रॅहम हेन्री या संघाचे प्रशिक्षक झाले. हेन्री मूळचे मास्तर; ऑकलंडच्या केल्स्टन बॉइज हायस्कूलचे हेडमास्तर होते. हेडमास्तर म्हटल्यावर भाषण आलंच. मैदानात उतरण्यापूर्वी ते संघाला चार शब्द सांगत, आणि हे चार शब्द किती लांबतात ते आपण शाळेपासून जाणतो. एकदा कर्णधार ताना उमागानं त्यांना विचारलं, ही भाषणं तुम्ही आमच्यासाठी करता की स्वतःसाठी?

उमागा शंभर किलोच्या घरातला गडी, त्याला कसली भीती, असं वाटेल. पण ही भीती वजन बघून येत नाही. तो सामोअन आईबापांचा मुलगा. त्या समाजातही वडीलधाऱ्यांचा मान आपल्याइतकाच कडक. त्यानं विचारलं, त्याला दाद द्यावीच. मला मात्र अप्रूप वाटतं ते हेन्रींचं. त्यांनी विचार केला आणि भाषणं बंद केली. मैदानात उतरण्यापूर्वीचा तो वेळ खेळाडूंचा झाला. कर्णधारही उमागाच राहिला.

असं न भिता बोलता येण्याला अभ्यासक मानसिक सुरक्षितता म्हणतात. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात रुग्णालयांत दिसलं, की ज्या चमूंचा कारभार चांगला, तिथेच औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या. तिथे चूक सांगायला माणसं भीत नव्हती, एवढाच त्याचा उलगडा. आपल्याकडे चुकांची वही कोरी ठेवणाऱ्या विभागाला ढाल मिळते.

भाषण बंद झालं म्हणून संघ जिंकत सुटला, असं मात्र नाही. 2007 च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीतच फ्रान्सनं त्यांना 20-18 असं घरी पाठवलं. देश खवळला. तरी हेन्रींना पुन्हा नेमलं, आणि 2011 मध्ये ईडन पार्कवर त्याच फ्रान्सला 8-7 असं हरवून त्यांनी चषक घेतला. एका गुणानं! भाषणाला त्यात वाव होता, असं आमचे अध्यक्ष म्हणतील.

आमचे म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे. गणपतीला आरतीच्या आधी तेही चार शब्द बोलतात. मोदक निवत असतात, पोरं चुळबुळत असतात, पुजारीबुवा घड्याळ बघतात. यंदा मी उमागाला शोधायला सभागृहभर नजर फिरवली. सगळी मंडळी मान डोलावत होती, आणि माझीही डोलत होतीच. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, “आता शेवटचा मुद्दा,” आणि सगळ्यांत मोठ्या टाळ्या मीच वाजवल्या. त्यांना वाटलं, मुद्दा पटला.