अजिंठ्याचा बॅकअप

घरातल्या कॉम्प्युटरचा बॅकअप कसा घ्यावा, याबद्दल मत नसलेला माणूस संभाजीनगरात शोधून सापडायचा नाही. पैठण गेटजवळचा दुकानदार म्हणतो, "काका, एक टीबीची हार्ड डिस्क घेऊन टाका, विषय संपला." पुण्याहून चिरंजीव फोनवर म्हणतात, "बाबा, डिस्क कसल्या घेता? सगळं क्लाउडवर टाका." आणि स्वयंपाकघरातून येतं, "अहो, आधी नको ते फोटो काढून टाका." तिसरा सल्ला सर्वांत शहाणपणाचा, त्यामुळे तो आमच्याकडे कधीच अमलात येत नाही.

माझं म्हणणं असं, की आपल्या जिल्ह्यात अजिंठा असताना या बाबतीत पुण्याला विचारायचं कशाला? १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला धाडलं. चित्रं ओल आणि वटवाघळं यांच्या तावडीत. निदान प्रत तरी सुरक्षित राहावी, हा हेतू. गिलने वर्षानुवर्षं खपून कॅनव्हासवर मोठमोठी तैलचित्रं केली. ती लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली गेली आणि १८६६ च्या आगीत जळाली. जी मोजकी त्या वेळी तिथे नव्हती तेवढीच वाचली.

मग १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८८५ पर्यंत हे काम चाललं. या प्रती कुठे पाठवाव्यात? पुन्हा लंडनला! साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात १८८५ मध्ये आग लागली आणि त्यांतल्याही बऱ्याच गेल्या. ज्या भिंतींच्या काळजीने हा सगळा खटाटोप झाला, त्या वाघूरच्या काठी अजून उभ्या आहेत. झीज झाली आहे खरी, पण ती थोडीफार प्रत घेणाऱ्यांमुळेही. रंग नीट दिसावेत म्हणून ग्रिफिथ्सच्या मंडळींनी चित्रांवर व्हार्निश फासलं. ते पुढे पिवळं पडलं आणि ते काढायला निजाम सरकारला १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणावे लागले.

हे सगळं मी दुकानदाराला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे काका, दोन डिस्क देऊ?"

पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम या धंद्यात सगळे सांगतात: प्रती तीन, त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. ग्रिफिथ्सनी तो नकळत पाळला. १८९६-९७ मध्ये त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचे दोन छापील खंड काढले. भिंत, कॅनव्हास आणि कागद. ग्रंथालयांत विखुरलेल्या कागदाला एकच आग कशी पुरी पडणार?

क्लाउडचं मला वावडं नाही. फुकटात पंधरा जीबी मिळतात आणि एका लग्नाच्या व्हिडिओत ते भरतात, एवढंच. शिवाय नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे चिरंजीवांना पटवायला वेळ लागला. इथे फोल्डर उडालं की आज्ञाधारक क्लाउड तिकडचंही उडवतो. डिस्क कायम जोडून ठेवली तर कॉम्प्युटरमध्ये शिरलेला व्हायरस तिलाही सोडत नाही. एसएसडी स्वस्तात मिळाली म्हणून कपाटात वर्षानुवर्षं विसरू नये. विजेविना तिची स्मृती हळूहळू विरते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात जरा लवकरच.

पासवर्डाची तऱ्हा आणखी वेगळी. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक सकळ लिपीत लिहून ठेवले. कुलूप इतकं पक्कं की विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ते उघडेपर्यंत बाहेरच्या जगाला आत काय आहे याचा पत्ता नव्हता. आमचा पासवर्ड दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत आहे. राजवाड्यांना फार त्रास पडला नसता.

पण या विद्येतला खरा उस्ताद पैठणचा. ज्ञानेश्वरी १२९० ची. पुढे पावणेतीनशेहून अधिक वर्षं ती हातोहात उतरवली गेली आणि प्रत्येक भाविक लेखनिकाने तिच्यात काहीबाही भर घातली. एकनाथांनी अनेक प्रती समोर घेऊन, ताडून १५८४ मध्ये शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यापुढे कोणी पदरच्या ओव्या घुसडू नयेत, अशी तंबीही देऊन ठेवली. बॅकअप घेणारे पुष्कळ असतात, तो उघडून तपासणारा विरळा.

म्हणून परवा आम्हीही नव्या डिस्कवरची एक फाइल उघडून पाहायचं ठरवलं. निवडली आईच्या लोणच्याची कृती. दोन निघाल्या. एक मुलाने वहीवरून स्कॅन केलेली, दुसरी मुलीने टाइप केलेली. पहिलीत मीठ पाव किलो, दुसरीत अर्धा. नाथांचं स्मरण करून मी चष्मा पुसला आणि दोन्ही पाठ ताडायला बसलो. स्कॅनमध्ये नेमका मिठाच्या आकड्यावर तेलाचा डाग. पाठभेदाचा निकाल लागेना तेव्हा हिला हाक मारली.

तिने दोन्ही वाचल्या. "दोन्ही चूक," ती म्हणाली. "आई लिहायच्या एक आणि घालायच्या दुसरंच."