सतराचा सहासष्ट

आमच्या लोटे गावात गणपतीची चाहूल आधी फ्लेक्सला लागते. चाकरमान्यांचे सहर्ष स्वागत करणारे हात जोडलेले चेहरे महामार्गाकडेला उगवले, की समजायचे, खड्डे बुजवायची नवी तारीख जाहीर झाली. २०११ साली पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण सुरू झाले, तेव्हा पुतण्या बालवाडीत होता. यंदा तो स्वतः गाडी चालवत आला. पाटीवरच्या महामार्ग क्रमांकात १७ चे ६६ करणे मात्र सरकारला झटक्यात जमले. खड्ड्यांना नंबर नसतात, म्हणून ते राहिले असावेत.

दारात कमरेवर हात ठेवून वहिनींनी विचारले, "भावोजी, आज वारा कुठला?" ही हवामानाची चौकशी नव्हे. वारा रासायनिक वसाहतीकडचा असेल तर खिडक्या बंद, नसेल तर चहा अंगणात.

आरतीसाठी पुतण्याने मोठा स्पीकर आणला होता. दोन वर्षांची वॉरंटी. पहिल्याच संध्याकाळी तो "सुखकर्ता"च्या आधी मुका झाला. हेल्पलाइन लावली. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," असे एका बाईंनी सांगितले आणि बासरी सुरू झाली. वीस मिनिटे तीच.

आबांनी माळ्यावरची पेटी उतरवली. तिचे दोन सूर दाबले की वर येत नाहीत, पण वॉरंटी विचारायची सोयच नाही. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली. फोनवरची बासरी चालूच. आबांनी तिलाही झांजेची साथ धरली. म्हणाले, "ठेवू नको रे. रस्ता पुरा होईस्तोवर उचलेल कुणीतरी."